पावसाळा लागला की ओलेड सादळतात... काय करू?

ठिपकेवाली

नमस्कार मंडळी, वर्षभर वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मुंबईतच एका लॅबमध्ये ओलेडवर (करंट दिला की स्वतः उजेड देणारे सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर, फोनच्या स्क्रीनमध्ये असतात ते) काम करते, दुसरं वर्ष चालू आहे. डिव्हाइस अगदी साधं, १९८७ साली कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी जो पेपर छापला त्याच खानदानातलं, म्हणजे काचेवर आयटीओ (करंट वाहणारा पारदर्शक थर), त्यावर एनपीबी, मग एएलक्यू३ (हे दोन ऑरगॅनिक, म्हणजे सेंद्रिय थर), मग नावापुरतं लिथियम फ्लोराइड आणि वर ॲल्युमिनियम. हिरवा उजेड, पिक्सेल २ बाय २ मिलिमीटर. झालं की ग्लव्ह बॉक्समध्ये (कोरड्या नायट्रोजनची बंद पेटी, हातमोज्यांतून आत काम करायचं) काचेचं झाकण इपॉक्सीने चिकटवायचं, आत गेटरचा (ओल शोषणारा) स्टिकर, यूव्हीखाली इपॉक्सी क्युअर म्हणजे घट्ट करायची, संपलं.

प्रॉब्लेम असा की जानेवारीत केलेले पीस अजून ड्रॉवरमध्ये पडलेत आणि करंट दिला की शहाण्यासारखे पेटतात, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर केलेल्यांना दोन दिवसांत काळे ठिपके आणि आठवड्याभरात पिक्सेल म्हणजे गोवर आलेलं पोर. रेसिपी तीच, पावडरची बाटली तीच, करणारी बाई पण तीच. ग्लव्ह बॉक्सचा पाण्याचा मीटर ०.५ पीपीएम (दहा लाखांत अर्धा भाग) दाखवतोय, जानेवारीतही तेवढाच दाखवायचा. सर म्हणतात एनकॅप्सुलेशन (वरचं सील) बदल, एएलडी (अणूच्या जाडीचे थर एकावर एक चढवायचं मशीन) बघ. एएलडी आमच्याकडे नाही, दुसऱ्यांकडे स्लॉट मागायचा म्हणजे दिवाळी उजाडेल. आमच्यातला एक सिनियर म्हणतो मुंबईत ओलेड करणं म्हणजे आषाढात पापड वाळत घालणं. हसले तेव्हा, पण घरी येऊन झोप नाही लागली. कुणाला काही सुचतंय का?

व्हॅक्युमवाला_ठाणे

ताई, मी काही ओलेडवाला नाही, पंप आणि चेंबर दुरुस्त करत आयुष्य गेलं, तेवढ्यावरून बोलतो. पहिला प्रश्न, इव्हॅपोरेटर (व्हॅक्युममध्ये माल तापवून काचेवर थर चढवायचं चेंबर) ग्लव्ह बॉक्सला जोडलेला आहे की वेगळा? दुसरा, तुम्ही डिपॉझिशन (थर चढवणं) घड्याळ बघून सुरू करता की गेज (प्रेशरचा मीटर) बघून? हसू नका, निम्म्या लॅबमध्ये घड्याळ बघूनच चालतं, "सकाळी दहाला पंप लावला, एकला सुरू करू".

का विचारतोय सांगतो. हाय व्हॅक्युममध्ये जो गॅस उरतो तो मुख्यत्वे पाणीच असतं. हवा पटकन निघून जाते, भिंतीला चिकटलेलं पाणी सुटता सुटत नाही. आणि १० चा उणे ६ वा घात टॉर (टॉर हे प्रेशरचं एकक) म्हणजे आपल्याला वाटतं बाप रे काय व्हॅक्युम, पण तेवढ्या प्रेशरला सुद्धा साधारण एका सेकंदात अख्ख्या पृष्ठभागावर एक थर बसेल एवढे रेणू येऊन आदळतात. सगळे चिकटत नाहीत म्हणा. पण तुमचा ऑरगॅनिक थर सेकंदाला एक अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) या रेटने वाढतोय, म्हणजे माल आणि पाणी जवळजवळ खांद्याला खांदा लावून येतंय असं समजा. पावसाळ्यात चेंबर उघडा ठेवून सबस्ट्रेट (थर चढवायच्या काचा) लावले, बोट (माल तापवायची वाटी) भरली, गप्पा मारल्या, की भिंती पाणी पिऊन बसल्या. त्यात शील्डवर (भिंतींवर माल बसू नये म्हणून लावलेले पत्रे) जुन्या ॲल्युमिनियमची आणि ऑरगॅनिकची पापुद्रेदार खपली असेल तर ती स्पंज आहे स्पंज. शील्ड काढून साफ करा, चेंबर हवेऐवजी कोरड्या नायट्रोजनने उघडा, दार कमीत कमी वेळ उघडं ठेवा, आणि गेज जानेवारीत जिथे असायचं तिथे आल्याशिवाय सुरू करू नका, मग संध्याकाळचे सात वाजले तरी चालतील.

ठिपकेवाली

दादा, घड्याळ बघूनच करत होते. 🙈 आज लॉगबुक काढून बघितलं, जानेवारीत दोन तासांत जिथे यायचं तिथे आता चार तास लागतायत आणि मी तीन तासांनी सुरू करत होते. हे सुधारते. इव्हॅपोरेटर वेगळ्या खोलीत आहे, पण सॅम्पल नायट्रोजन भरलेल्या सीलबंद डब्यातून बॉक्समध्ये नेतो, त्यात हवा लागत नाही.

एसी_लोकल

एसी १८ वर टाका आणि दार लावून घ्या, सिंपल.

परत_आलेला

एसीने आर्द्रता थोडी उतरेल, पण त्याने हा प्रश्न सुटायचा नाही.

मी सहा वर्षं कोरियात पॅनलच्या कारखान्यात होतो, आता डोंबिवलीत, म्हणून फॅब (कारखाना) आणि लॅबमधला फरक आधी सांगतो. तिथे काचेवर पहिला ऑरगॅनिक थर पडल्यापासून वरचं सील होईपर्यंत पॅनल साध्या हवेत येतच नाही, एका चेंबरमधून दुसऱ्यात, मग नायट्रोजनमध्ये, सगळं रोबो करतो. माणूस म्हणजे घाम, आणि घामाला तिथे जागाच नाही.

ओलेडला लागणारी बॅरियर (पाणी अडवणारा थर) किती कडक असते त्याचा आकडा नेहमी सांगतात तो म्हणजे एका चौरस मीटरमधून दिवसाला एक ग्रॅमचा दहा लाखावा भाग पाणी, त्याहून जास्त नाही. हा आकडा डोक्यात बसत नाही म्हणून मी स्वतःसाठी हिशोब केला होता. शिवाजी पार्क साधारण २८ एकर. तेवढ्या मोठ्या बॅरियरमधून अख्ख्या दिवसात दोन-अडीच थेंब पाणी गेलं तर चालतं. आणि दिवसाला चौरस मीटरमागे एक ग्रॅम पाणी सोडणारी फिल्म, म्हणजे प्लास्टिकमध्ये तशी बरीच म्हणायची, ती पार्कावर अंथरली तर शंभर लिटरच्या वर जाईल. वेफर्सचं पाकीट ओलेडला चालत नाही ते यामुळे.

फोनच्या लवचिक पॅनलवर काच नसते, तिथे सिलिकॉन नायट्राइडचा थर, त्यावर इंकजेटने छापलेला पॉलिमरचा जाड थर, त्यावर परत नायट्राइड. लोकांना वाटतं तो मधला पॉलिमर पाणी अडवतो. तो काही अडवत नाही, त्यातून पाणी मजेत जातं. त्याचं काम म्हणजे धुळीचे कण पोटात घेऊन वरचा पृष्ठभाग गुळगुळीत करायचा आणि खालच्या नायट्राइडची भोकं वरच्याच्या भोकांसमोर येऊ द्यायची नाहीत. पाण्याला एका भोकातून दुसऱ्यापर्यंत लांबचा वळसा पडला की वर्षं निघतात. आणि आजकाल स्क्रीनमध्ये कॅमेऱ्यासाठी जे भोक असतं ना, त्याच्या कडेला ऑरगॅनिक थर मुद्दाम तोडावे लागतात, नाहीतर ओल त्याच थरांतून आडवी पसरत जाते, भिंतीतली ओल पसरते तशी.

पण ताई तुझं झाकण काचेचं आहे, काचेतून पाणी येत नाही, ते इपॉक्सीच्या कडेतूनच येणार. एएलडीच्या मागे लागायच्या आधी हे बघ. इपॉक्सीची पट्टी किती रुंद आहे? एक मिलिमीटरची तीन केलीस की पाण्याला तिप्पट वाट चालावी लागते, खर्च शून्य. इपॉक्सी बॉक्समध्ये नेल्यावर डीगॅस करतेस का, म्हणजे तिच्यातली हवा-ओल काढून टाकतेस का? यूव्ही मारताना पिक्सेल झाकतेस का? आणि गेटर कुठे कापतेस?

ठिपकेवाली

पट्टी दीड मिलिमीटर. डीगॅस करते. पिक्सेल फॉइलने झाकते. गेटर... बाहेर कापते, आत ग्लव्ह घालून कात्री चालवायला जमत नाही हो. बाहेर कापून झाकणाच्या काचांबरोबर पेट्री डिशमध्ये ठेवते आणि मग एकदमच आत घेते.

लॅमिंग्टनकर

डॉक्टर-इंजिनियर लोकांत मी घुसतोय, माफी असावी. लॅमिंग्टन रोडला मोबाईल रिपेरिंगचं काम करतो. हे ठिपके आमच्याकडे मोठ्या साइजमध्ये येतात. फोन पडलेला असतो, वरची काच तडकलेली, कस्टमर म्हणतो "डिस्प्ले चालू आहे, फक्त काच बदलून द्या". मी टॉर्च मारून बघतो, कोपऱ्यात तांदळाएवढा काळा डाग असेल तर स्पष्ट सांगतो की दादा हा डाग वाढणार. पटत नाही. चार-पाच दिवसांनी परत येतो, तांदळाचा रुपया झालेला असतो, कडेला जांभळट झाक. फोन बंद ठेवला तरी वाढतो, हे तर कोणाला खरंच वाटत नाही. पावसाळ्यात जास्तच. तांदळाच्या डब्यात फोन पुरून ठेवणारे पण येतात, त्या डागाला तांदूळ काय करणार, शिवाय चार्जिंगच्या भोकात तांदूळ अडकतो तो काढायचे पैसे वेगळे. हिरवी उभी लाइन ती वेगळी भानगड, ती जनरली कनेक्शन नाहीतर सर्किटची, ओलीची नाही.

माझा प्रश्न असा की बंद फोनमध्ये डाग का वाढतो? करंट तर नाही.

निवृत्त_रसायनवाली

लॅमिंग्टनकर, फार चांगला प्रश्न विचारलात, पुष्कळ पीएचडीवाले विचारत नाहीत. करंट लागत नाही कारण मुळात हे गंजणंच आहे. वरच्या धातूच्या थरात बारीक भोकं असतात, धूळकण बसला की हमखास. त्या भोकातून पाणी आत शिरतं आणि धातू आणि ऑरगॅनिक यांच्या मधल्या सांध्यात पसरतं, तिथे धातूचं ऑक्साइड होतं, हायड्रोजन सुटतो, थर फुगून उचलला जातो. उचलला गेला की तेवढ्या जागी इलेक्ट्रॉन आत शिरत नाहीत आणि तेवढी जागा काळी. म्हणून ठिपका गोल असतो आणि मधोमध भोक असतं. ठिपकेवाली, तू सूक्ष्मदर्शकाखाली बघताना यूव्ही टॉर्च मारून बघ, करंटने काळा दिसणारा भाग बऱ्याचदा यूव्हीखाली अजून हिरवा चमकतो. ऑरगॅनिक जिवंत असतं, फक्त त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता तुटलेला असतो.

आता तुझ्याकडे वळते. अगं पोरी, तुझा गेटर म्हणजे बहुतेक कॅल्शियम ऑक्साइड, आपल्या भाषेत कळीचा चुना. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो विरतो, एकदा विरला की संपलं, तो परत पाणी पीत नाही. पावसाळ्याच्या हवेत कात्रीने कापत बसलीस म्हणजे आत जाईपर्यंत तो पानाला लावायचा चुना होऊन बसतो. तू डिव्हाइसला पान खायला घालतेस की काय! पाकीट आत न्यायचं आणि आतच उघडायचं. ग्लव्ह घालून कात्री जमत नसेल तर छोट्या साइजचे तयार स्टिकर मागव, नाहीतर कटर वापर.

दुसरं, तो ०.५ पीपीएमचा आकडा, त्याच्यावर फार विसंबू नकोस. मीटर वायूतलं पाणी मोजतो, काचेला चिकटलेलं नाही. हिशोब कर. झाकणाखालची पोकळी समजा एक चौरस सेंटिमीटर बाय अर्धा मिलिमीटर. तेवढ्या नायट्रोजनमध्ये ०.५ पीपीएमने जेवढं पाणी असेल त्याच्या हजारपटीहून जास्त पाणी त्याच झाकणाच्या काचेवर एकाच रेणूच्या थरात मावतं. आणि दमट हवेत राहिलेल्या काचेवर एक थर नसतो, बरेच असतात. म्हणजे तू कोरडी खोली बांधलीस आणि ओला पाहुणा स्वतःच दार उघडून आत घेतलास.

झाकणाच्या काचा धुतल्यावर काय करतेस ते नीट, एकेक पायरी सांग.

ठिपकेवाली

काकू, अल्ट्रासॉनिकमध्ये साबण, डीआय (क्षार काढलेलं) पाणी, ॲसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). मग नायट्रोजन गनने फुंकते, पेट्री डिशमध्ये ठेवते, डिश घेऊन पॅसेजमधून ग्लव्ह बॉक्सच्या खोलीत, मग अँटीचेंबरमध्ये (बॉक्समध्ये शिरायची मधली कोठडी) तीन वेळा पंप आणि नायट्रोजन, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. सबस्ट्रेट बेक करते पण झाकण नाही. झाकण तर आहे ना, असं वाटायचं.

एसी_लोकल

थांबा थांबा. क्लीनिंगची खोली एसी आहे का? आणि पॅसेज?

ठिपकेवाली

खोली एसी, २० वर असते. पॅसेज उघडा आहे, एका बाजूला नुसती जाळी, पावसात लादी ओलीच असते.

एसी_लोकल

मग झालं की. माझं नाव असंच नाही ठेवलेलं. एसी लोकलमधून दादरला उतरल्यावर चष्म्याचं काय होतं? मला दोन मिनिटं काही दिसत नाही, लोक ढकलत ढकलत जिन्यापर्यंत नेतात. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५-२६ च्या आसपास असतो, तुमची काच २० ला, म्हणजे पॅसेजमध्ये पाऊल टाकलं की त्यावर दव. जानेवारीत दवबिंदू बराच खाली असतो, काच कोरडी राहते. एसी १८ चा सल्ला मागे घेतो, त्याने अजून वाट लागली असती.

निवृत्त_रसायनवाली

शाब्बास रे! हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पेट्री डिशचं झाकण काही हवाबंद नसतं.

आता नुसत्या तर्कावर जाऊ नका, कॅल्शियम टेस्ट करा. डिव्हाइसच्या जागी साध्या काचेवर १०० नॅनोमीटर कॅल्शियम टाक आणि नेहमीसारखं झाकण लाव. ताजं कॅल्शियम आरशासारखं असतं, पाणी मिळालं की हायड्रॉक्साइड होऊन पारदर्शक होतं. खाली छापील कागद ठेव आणि अक्षरं कुठून दिसायला लागतात ते बघ. कडेकडून दिसली तर इपॉक्सी, सगळीकडून एकदम दिसायला लागली तर पाणी आधीपासून आतच होतं. मीटर जे सांगत नाही ते हा आरसा एका रात्रीत सांगतो. दोन बॅच कर, एक तुझ्या जुन्या पद्धतीने, दुसरीत झाकणं व्हॅक्युम ओव्हनमध्ये भाजून, गरम असतानाच अँटीचेंबरमध्ये, रात्रभर व्हॅक्युमखाली, आणि लावायच्या आधी बॉक्समधल्या हॉटप्लेटवर परत. पाच मिनिटांच्या पंपाने चिकटलेलं पाणी जात नाही, व्हॅक्युमवाले सांगतीलच.

व्हॅक्युमवाला_ठाणे

काकूंशी सहमत. अँटीचेंबरमधून टिश्यूचे गठ्ठे पण आत घेऊ नका एकदम, कागद म्हणजे पाण्याची टाकी. आणि बॉक्सचे ग्लव्ह वापरात नसताना बाहेर ओढून त्यावर कव्हर लावा, रबरातून पाणी झिरपतं, हात आत असताना तर घाम पण आहेच.

परत_आलेला

कॅल्शियम टेस्टला +१. तिकडे पण बॅरियर जोखायला हीच वापरायचे, फक्त तिथे कॅमेरा आणि ८५ डिग्री-८५ टक्के आर्द्रतेची भट्टी असायची. तुला भट्टीची गरज नाही, खिडकीत ठेव. 😄

ठिपकेवाली

अपडेट द्यायला उशीर झाला, मधे दोन दिवस गाड्या बंद आणि मी घरी अडकलेले.

जुन्या पद्धतीचे चार कॅल्शियम पीस केले, खाली लोकलच्या टाइमटेबलचं कात्रण ठेवलं. संध्याकाळी सहाला चारही आरसे चकचकीत, माझं नाक दिसत होतं. सकाळी साडेनऊला आले तर चौघांच्या मधोमध ढगाळ, "कल्याण स्लो" वाचता येत होतं, आणि कडेला मात्र अजून धातू शिल्लक! म्हणजे इपॉक्सी बिचारी निर्दोष, पाणी मीच आत नेत होते. सरांना बोलावून दाखवलं, ते बराच वेळ कात्रण वाचत बसले आणि मग एएलडीचा विषय काही निघाला नाही.

नव्या पद्धतीचे चार: झाकणं भाजलेली, गेटर आत उघडलेला, बाकी काही बदल नाही. आज बारावा दिवस, बाहेर धो धो, आणि आरसे तसेच. एकाला कोपऱ्यात केसाएवढी रेघ आलीये, तिथे इपॉक्सीत बुडबुडा होता, तो माझाच हलगर्जीपणा.

डिव्हाइसही केले, यावेळी गेज बघून सुरू केलं, रात्री आठला घरी गेले. नवव्या दिवशी एका पिक्सेलवर तीन ठिपके, बाकी साफ. तिन्हींच्या मधोमध सूक्ष्मदर्शकाखाली धूळकण दिसतोय, काकू म्हणाल्या तसा. यूव्ही टॉर्चही मारली, काळ्यातून हिरवं चमकतं, खरंच! आता शील्ड साफ करायला घेतेय, खपल्या निघतायत त्या बघून व्हॅक्युमवाले दादा मला ओरडतील म्हणून फोटो टाकत नाही.

व्हॅक्युमवाला_ठाणे

फोटो टाका. ओरडणार आहेच.

लॅमिंग्टनकर

ताई, ती पेट्री डिश लागत नसेल तर मला द्या, बारीक स्क्रू ठेवायला बरी पडेल.